सोवळ्याचा ड्रायर

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आलेला माणूस न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच उभा राहिला. त्याने खिशातून फोन काढला, ड्रायरचा एक फोटो घेतला आणि म्हणाला, "माताजी, ये तो गया. इसके पार्ट अब नी आते. नया ले लो." त्याने झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. वही न उघडता मुलांना मार्क देणारा एक मास्तर आमच्या शाळेत होता. तो रिटायर होईपर्यंत मी त्याच्याशी धड बोलले नाही. हा त्याचाच भाऊबंद. "अरे, खोलके तो देखो," मी म्हटलं. "खोलूँगा तो भी येई बोलूँगा," तो म्हणाला, आणि जाता जाता मोबाइलवर पाच स्टार द्यायला सांगून गेला. मी त्याला जे काही दिलं ते तोंडी दिलं, आणि शेजारच्या दोन घरांनी ते ऐकलं.

ह्या माणसाची आम्ही चार दिवस वाट पाहिली होती. श्रावण चालू होता. सोमवारी देवाच्या सवारीमुळे, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीमुळे, रस्ते बंद, म्हणून तो आला नाही. ते मी समजू शकते, सवारीच्या दिवशी उज्जैनमध्ये घराबाहेर पडायचं तर पायी, नाहीतर पडूच नये. पण त्याआधी रविवारी रविवार होता म्हणून आला नाही आणि शनिवारी "निकल गया हूँ" असं सांगून आला नाही. मंगळवारी उगवला तो फोटो काढायला. फोटो मीही काढून पाठवला असता.

आजकाल ड्रायर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गरम हवेत कपडे वाळवणारी मोठी पेटी येते. आमचा तसा नव्हता. कमरेएवढ्या उंचीचा, एकाच टबचा, पांढऱ्याचा पिवळा पडलेला डबा. त्यात ओले कपडे दाबून भरायचे, वर प्लॅस्टिकची जाळी ठेवायची, झाकण लावायचं आणि बटण फिरवायचं. पाच मिनिटं तो गरगर फिरतो, पाणी खालच्या नळीतून निघून जातं आणि कपडे दमट होऊन हातात येतात. पंख्याखाली टाकले की तासा-दीड तासात अंगावर घालता येतात. तो धूत नाही, गरम करत नाही, फक्त पिळतो. पंधरा वर्षांपूर्वी वन्संनी तो स्वतःच्या पेन्शनमधून घेतला, कारण त्यांच्या मनगटांत साडी पिळायची ताकद उरली नव्हती आणि दुसऱ्या कुणी पिळलेली साडी त्यांना चालत नव्हती.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्नानंतर चार वर्षांतच नवरा गेला, त्या माहेरी परत आल्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आणि रिटायर होऊन आता आमच्या हाउसिंग बोर्डाच्या घरात मागच्या खोलीत राहतात. त्या खोलीला लागून त्यांचं स्वतःचं न्हाणीघर आहे आणि ड्रायर तिथेच. वय अठ्ठ्याहत्तर. कानाने तिखट, डोळ्याने बऱ्या आणि सोवळ्याच्या बाबतीत भयंकर.

सासरची ही माणसं दोन-अडीचशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून शिंद्यांच्या दफ्तरात लिहायला म्हणून आली. लिहिणं केव्हाच सुटलं. कुणी बँकेत गेलं, कुणी रेल्वेत. पण येताना जे सोवळं बरोबर आणलं होतं ते मात्र ह्या लोकांनी असं जपलं आहे की पुण्याहून येणारे पाहुणे बघत राहतात. तिकडे ते त्यांच्या आज्यांबरोबर संपलं. आमच्याकडे वन्सं रोज पहाटे स्वतः धुतलेली, स्वतः वाळत टाकलेली, कुणाचाही हात न लागलेली साडी नेसून देवपूजा करतात आणि त्यानंतरच तोंडात घास घालतात. त्याआधी चहासुद्धा नाही. साडीला चुकून माझा पदर लागला की पुन्हा धुणं. नवी नवरी होते तेव्हा मी घाबरायचे. पुढे पुढे मी चिडायला लागले, आणि चिडणं मला घाबरण्यापेक्षा चांगलं जमतं.

मी देवाला मानते, पण देव कपड्यांना कुणाचा हात लागला ते तपासत बसतो, असं काही मला पटलेलं नाही. हे मी वन्संना दर चार-सहा महिन्यांनी ऐकवत आले आहे. त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "तुला नाही करायचं तर नको करूस. मी माझ्यापुरतं करते नं." ह्याने मला जास्तच राग येतो.

त्यातून गेल्या दोन वर्षांत ते सोवळं वाढतच चाललं होतं. आधी पूजेची साडी तेवढी सोवळ्याची होती. मग सगळेच कपडे सोवळ्याचे झाले. कामवाल्या बाईने त्यांच्या कपड्यांना हात लावायचा नाही. मग एक दिवस चादरी सोवळ्याच्या झाल्या! मला सांगा, चादरीचं सोवळं कुणी ऐकलं आहे? ज्यावर झोपायचं त्याला सोवळं म्हणावं असं कोणत्या पोथीत लिहिलं आहे? माझ्या सासूबाई सोवळ्याच्या बाबतीत वन्संच्या गुरू होत्या, पण त्यांनीसुद्धा चादरीपर्यंत मजल मारली नव्हती. बरं, चादरीही साध्या चालेनात. घरात कपाटभर पांढऱ्या, फिक्या चादरी असताना वन्संनी आमच्या ह्यांच्या मागे लागून भैरवगढहून गडद छापाच्या सहा चादरी आणायला लावल्या; लाल-काळ्या, मेंदीच्या रंगाच्या. त्यांचा रंग जातो. न्हाणीघरातून तांबडं पाणी वाहायचं आणि मी ओरडायचे. दार आतून बंद, नळ चालू आणि ड्रायर घुंऽऽ करून फिरतोय. कधी दिवसातून दोनदा, कधी तीनदा.

"वन्सं, म्हातारपणी माणसाने सोडत जायचं असतं, तुम्ही जमवत चालला आहात," असं मी एकदा चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं होतं. तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं होतं. बहिणीला फोन करून ते मी पुन्हा सांगितलं.

तर असा तो ड्रायर श्रावणातल्या एका शुक्रवारी घरघरला, जळका वास आला आणि बंद पडला. बाहेर झिमझिम, घरात दमट. वन्संनी साडी हाताने पिळली, म्हणजे पिळल्यासारखं केलं, आणि दोरीवर टाकली. दुपारी तीन वाजेपर्यंत ती ओलीच. तीन वाजता तशीच दमट साडी नेसून त्यांनी पूजा केली, चार वाजता पानावर बसल्या आणि दोन घास खाऊन "भूक मरून गेली" म्हणून उठल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दिवसभर ओल्या कपड्यांत आणि उपाशी. ड्रायर लवकर सुरू झाला नाही तर ही बाई आमच्या डोळ्यांदेखत आजारी पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मी उपाय काढला. "रेशमी साडी नेसा," मी म्हटलं. "रेशमाला सोवळ्यात धुवायचीही गरज नाही. तुमच्याच आईचा नियम आहे. कपाटात दोन आहेत. ड्रायर दुरुस्त होईपर्यंत त्या वापरा, आणि सकाळी आठला जेवा." सोवळं पाळणाऱ्या कुठल्याही माणसाने ह्याला नाही म्हटलं नसतं. वन्सं म्हणाल्या, "नको. ड्रायरच ठीक करवून दे." मी हात टेकले. शुद्ध हट्ट, असं मी आमच्या ह्यांना सांगितलं. आणखी एक गोष्ट मला दिसत होती: त्या पाणीही पिईनाशा झाल्या होत्या. औषधाच्या गोळीपुरता घोट घ्यायच्या आणि पेला सरकवून द्यायच्या. मला वाटलं, आता हे उपासाचं नवीन नाटक, आमच्यावर दबाव आणायला.

मंगळवारी तो फोटोवाला येऊन गेल्यावर संध्याकाळी घरात बैठक भरली. आमचे हे रेल्वेत होते. त्यांना प्रत्येक गोष्ट वेळापत्रकात बसवायची सवय. त्यांनी मुलाला बेंगळुरूला फोन लावला, मुलाने तिथे बसून मशीन निवडली आणि दहा मिनिटांत ठरलंसुद्धा: एक मोठी ऑटोमॅटिक मशीन घ्यायची, ती स्वयंपाकघरामागच्या व्हरांड्यात ठेवायची, सगळ्यांचे कपडे बाईने त्यात टाकायचे. धुऊन, पिळून, जवळपास वाळून बाहेर. जुना ड्रायर दुकानवाला एक्स्चेंजमध्ये घेऊन जाईल. शुक्रवारी डिलिव्हरी.

वन्सं दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "माझे कपडे मी आपले वेगळे..." त्या म्हणाल्या.

"ताई, आता पुरे कर नं ते," हे म्हणाले. "बाई सगळं एकसाथ टाकून देईल. तुला काहीच करायचं काम नाही. तुला पण आराम होऊन जाईल."

"पण माझं सोवळं—"

"सोवळं, सोवळं!" मी मध्येच म्हटलं. "तुमच्या सोवळ्यापायी आम्ही चार दिवस त्या मेकॅनिकच्या मागे पळतोय. घरात तीन माणसं, त्यांच्यात दोन धर्म कशाला? एका मशीनमध्ये धुतले म्हणून कुणाचं पुण्य गळून पडत नाही."

फोनवर मुलगा हसला. हे हसले. वन्सं खोलीत निघून गेल्या. मला जिंकल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. किती वर्षांनी ह्या घरात एक शहाणपणाची गोष्ट होत होती आणि ती मी केली होती.

गुरुवारी दुपारी मी व्हरांड्यात नव्या मशीनसाठी जागा करत होते. जुने डबे, कूलरचं गवत, रद्दी. वन्संच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी धावत गेले तर त्या पलंगाच्या कडेशी जमिनीवर बसलेल्या, डोळे मिटलेले. चक्कर आली होती. येणारच; आठवडाभर अन्नाचा पत्ता नाही, पाण्याचा नाही. मी त्यांना धरलं, उठवून पलंगावर बसवलं, पाणी पाजलं आणि पाजता पाजता बोलतही होते, काय बोलत होते ते सांगायला नको. मग त्यांना नीट आडवं करावं म्हणून मी चादर ओढून सरळ करायला गेले.

चादर ओली होती. तिच्याखाली, गादीवर, उसवून उलगडलेला आमच्या मुलाचा शाळेतला रेनकोट अंथरला होता, चार कोपऱ्यांना सेफ्टी पिना लावून. आणि वास. चादरीच्या गडद लाल-काळ्या छापावर डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं.

वन्संनी डोळे उघडले. माझा हात कुठे आहे ते पाहिलं. त्यांनी चादरीचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "हात नको लावूस. सोवळ्याचं आहे."

मला सगळं एका झटक्यात समजलं. चादरीचं सोवळं. गडद रंग. बंद दार. दिवसातून तीनदा फिरणारा ड्रायर. रेशमी साडीला नकार, कारण रेशमाने पूजेची सोय झाली असती, पण चादरींची नाही. आणि पूजेची सोय झाली असती तर ड्रायर दुरुस्त करायची घाई कुणालाच उरली नसती. पाणी न पिणं. त्यांना लघवी धरवत नव्हती. दोन वर्षांपासून धरवत नव्हती, आणि ह्या घरात, जिथे मी प्रत्येक गोष्टीत नाक खुपसते, तिथे ती गोष्ट लपवायला त्यांना एकच जागा सापडली होती, जिथे आम्ही कुणी हात लावायचा नाही अशी आधीपासूनच रीत होती. सोवळ्याचा आडोसा होता, म्हणून त्या रोज ताठ मानेने पानावर बसत होत्या. आणि उद्या दुकानाची गाडी येऊन तो ड्रायर घेऊन जाणार होती. परवापासून त्यांच्या चादरी कामवाली बाई उचलणार होती, हुंगणार होती आणि गल्लीभर सांगणार होती.

"बरं," मी म्हटलं. चादर सोडली आणि हात मागे घेतले.

हे दारात आले. "काय झालं? ताई पडली का?" मी उठून दारातच उभी राहिले, त्यांना आत येऊ दिलं नाही. "चक्कर आली. खाल्लं नाही नं काही. तुम्ही जा, लिंबू-सरबत करून आणा." एवढं सांगून मी दार लोटलं, वन्संकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिले आणि त्यांना म्हटलं, "तुम्ही तुमचं आवरा, मी कुणाला येऊ देत नाही." मागे चादर ओढल्याचा आवाज आला, मग न्हाणीघराचं दार, मग नळ.

मग मी दुकानवाल्याला फोन केला आणि मशीन रद्द केली. तो म्हणाला, बिल कापलं गेलंय, आता नाही होत. मी त्याला असा झापला की दोन मिनिटांत झालं. वन्सं न्हाणीघरातून बाहेर आल्यावर रिक्षा बोलावली आणि रिक्षावाल्याच्या मदतीने ड्रायर उचलून तिच्यात ठेवला.

"हे काय? कुठे चाललीस?" हे सरबताचा पेला हातात घेऊन उभे.

"देवास गेटला. दुरुस्त करवून आणते."

"अगं, पण उद्या नवी मशीन—"

"कॅन्सल केली."

"काय?"

"ह्या घरात सोवळं आहे," मी म्हटलं. रिक्षावाल्यासमोर, शेजारणीसमोर, चांगलं ठणकावून. "तुमच्या आईने पाळलं, तुमची बहीण पाळते. तिचे कपडे बाई हाताळणार नाही. तिचे कपडे वेगळे धुतले जातील, वेगळे पिळले जातील, ती आहे तोवर. ज्याला पटत नसेल त्याने आपले कपडे स्वतः धुवावेत."

ह्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. अडतीस वर्षं मी ह्या सोवळ्याची टर उडवली आणि आता मीच रस्त्यात उभी राहून त्याची ग्वाही देत होते. संध्याकाळी मुलाचाही फोन आला, "आई, तू पण?" म्हणून हसत होता. बहीण तर आजही ऐकवते. ऐकून घेते मी. पर्याय नाही.

देवास गेटला बसस्टँडच्या मागच्या बाजूला एक म्हातारा मिस्त्री आहे, कूलरच्या मोटरी आणि मिक्सर दुरुस्त करतो. त्याने फोटो काढला नाही. ड्रायर आडवा केला, मागचा पत्रा काढला, आत बोट फिरवलं, वास घेतला. खालचं रबर फाटलं होतं, तिथून पाणी झिरपून मोटरीवर गेलं होतं, बुश झिजून गेली होती, कपॅसिटर फुगलेला. पाच मिनिटांत त्याने सगळं सांगितलं. मग टबची कड निरखून म्हणाला, "घर में कितने जने हो, माताजी?"

"तीन."

"तीन का काम नी है ये. इस पे बहुत लोड पड़ा है. भारी कपड़ा डला है, दिन में तीन-तीन, चार-चार बार. चादर-वादर." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर मशीनकडे वळवली. "बच्चा है घर में? या कोई बीमार है?"

एका अनोळखी माणसाने उघड्या मशीनमध्ये पाहून जे ओळखलं, ते मी भिंतीपलीकडे दोन वर्षं राहून ओळखलं नव्हतं. वर्गात शेवटच्या बाकावर कोण कॉपी करतंय ते मला पाठ वळलेली असतानाही कळायचं, असं शाळेत म्हणत. काय उपयोग! मला त्या मिस्त्रीचाही राग आला, इतका की त्याला सांगावंसं वाटलं, आपल्या कामाशी काम ठेवा. पण तो आपल्या कामाशीच काम ठेवून होता. मी म्हटलं, "हाँ. बुजुर्ग हैं."

तो म्हणाला, मोटर बांधून देतो, रबर दुसऱ्या मशीनचं कापून बसवतो, वर्षभर तरी चालेल. किंवा असाच नवा, एकाच टबचा, अजूनही मिळतो, तो घ्या. मी विचार केला. नवा आणला की हे बघायला येणार, वॉरंटीचा कागद वाचणार, कोण किती वेळा चालवतं ते विचारणार. बाई झाकण उघडून पाहणार. ह्या जुन्या डब्याकडे घरातल्या कुणीही वर्षानुवर्षं मान वळवून पाहिलं नव्हतं, आणि आता नेमकं तेच हवं होतं. "येई ठीक करो," मी म्हटलं. "और मजबूत करो." संध्याकाळपर्यंत मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. चहा पाजला त्याने. तो ड्रायर अजून चालतो आहे.

त्या रात्री वन्सं जेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला पूजा आटपून पानावर बसल्या, दोन पोळ्या खाल्ल्या. आमचे हे माझ्याकडे बघत होते, जणू मला काही झालं आहे. पाणी मात्र त्या अजूनही घोटभरच पीत होत्या. ते पाहून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती दुपारपर्यंत उतरली नाही. हे झोपले तशी मी त्यांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि पलंगावर बसले.

"दोन वर्षं, वन्सं," मी म्हटलं. आवाज खाली ठेवला होता, पण ठेवायला कष्ट पडत होते. "दोन वर्षं तुम्ही दार लावून चादरी धूत बसलात. ह्याला औषधं आहेत. डॉक्टर आहेत, बाई डॉक्टर आहेत. बाजारात पॅड मिळतात. माझ्या शाळेतल्या दोघी वापरतात, फिरायला जातात, सिनेमाला जातात. आणि तुम्ही पाणी सोडून बसलात? मरायचं होतं का? मी काय परकी आहे? एका शब्दाने सांगता येत नव्हतं मला?"

वन्सं गुडघ्यावरची घडी केलेली चादर सारखी करत होत्या.

"सांगणार होते गं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा झालं नं, त्याच दिवशी सांगायला आले होते. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. तू बाईवर ओरडत होतीस. दूध उतू गेलं होतं आणि तिने ओटा पुसला नव्हता. म्हटलं, आज नको. उद्या सांगू."

"मग उद्या का नाही सांगितलं?"

"उद्या तू गॅसवाल्यावर चिडलेली होतीस." त्यांनी चादरीची आणखी एक घडी केली. "परवा माझ्यावर. न्हाणीघरात रंगाचं पाणी गेलं म्हणून. मी म्हटलं, तू शांत बसलेली दिसलीस की येऊन सांगते. असं करता करता दोन साल निघून गेले."

त्या हे तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. ट्रंककॉल का लागला नाही ते सांगावं तसं सांगत होत्या. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय म्हणायचं होतं ते आता आठवत नाही. एवढंच आठवतं की शब्दाच्या आधी आवाज चढला होता, आणि त्यासरशी वन्संचे हात घडीवर थांबले. त्या मान वर करून माझ्याकडे बघत राहिल्या, मी आता ओरडते की काय ते पाहत.